नाजूकबाईचं बिऱ्हाड

आमच्या घरी आजवर फिटोनियाची चार रोपं आली. पहिलं पाण्यानं गेलं, दुसरं मिठानं. तिसऱ्यानं इतक्यांदा मान टाकली आणि इतक्यांदा वर केली, की सासूबाईंनी त्याचं नाव ‘नाजूकबाई’ ठेवलं. चौथं हे तिसऱ्याचंच लेकरू, सध्या लोणच्याच्या जुन्या बरणीत राहतं. भाईंदर पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या वन बीएचकेत या चौघांनी मला जे शिकवलं, ते लिहून ठेवते आहे. क्रम महत्त्वाचा नाही.

ज्यांनी हे रोप पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. उंची फार तर चार-पाच इंच. पानं अंगठ्याच्या दोन पेरांएवढी, गर्द हिरवी, आणि त्यांवर पांढऱ्या किंवा गुलाबी शिरांची बारीक जाळी. हे झाड उभं राहत नाही, जमिनीसरशी सरपटतं. जिथे पेर मातीला टेकतं तिथे मुळं सोडतं आणि पुढे सरकतं. मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पेरू-कोलंबियाकडच्या सदाहरित जंगलांत, मोठ्या झाडांच्या पायाशी.

१. हवा दमट हवी, मुळं चिंब नकोत

पहिलं रोप मिरा रोड स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून घेतलं, ऐन श्रावणात. पाणी किती घालायचं विचारलं तर गाडीवाला म्हणाला, “डालते रहो, इसको पानी बहोत पसंद है.” मी घालत राहिले. खाडी घरापासून चालत दहा मिनिटांवर. पावसाळ्यात डब्यातला पापड सादळतो, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. अशा हवेत कुंडीतली माती वाळते कधी, हे बघायचं मला सुचलंच नाही. रोज सकाळी पूजेचं आवरलं की पेलाभर पाणी त्याच्या वाट्याला ठरलेलं.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं मान टाकली. मला वाटलं, तहानलंय. आणखी पाणी घातलं. दोन दिवसांनी मातीलगतचा देठ काळा पडला, बोटानं धरला तर चिखलासारखा पिचला. कुंडी उपडी केली तेव्हा नाल्याकाठी येतो तसा वास आला. मुळं तपकिरी झाली होती. एक ओढलं तर वरची साल हातात आली आणि आत दोऱ्यासारखी तार उरली. गोळ्याच्या मधोमध रोपवाटिकेतली प्लास्टिकची बारीक जाळी तशीच होती, त्या जाळीत पाणी कोंडून बसलेलं.

खरी फसगत इथे आहे. तहानेनंही ते मान टाकतं आणि मुळं कुजली तरीही टाकतं, कारण दोन्ही वेळा पानापर्यंत पाणी पोचत नाही. वरून बघून फरक कळत नाही. म्हणून आता आधी बोट, मग पेला. तर्जनी पहिल्या पेरापर्यंत मातीत घालायची. बोटाला माती चिकटून आली तर हात मागे. सरावानं तेही लागत नाही, कुंडी उचलली की वजनावरून समजतं. भाजीवाली हातात कोबी धरून वजन सांगते ना, तसंच. जुलैत मला पाच-सहा दिवसांनी पाणी घालावं लागतं, मार्चमध्ये एक दिवसाआड.

२. मान टाकली म्हणजे मेलं नाही

तिसरं रोप आलं त्याच आठवड्यात आम्ही दोन दिवस चिपळूणला लग्नाला गेलो. परत आलो तर कुंडीच्या काठावर ओल्या फडक्यासारखी पानं लोंबत होती. सासूबाई म्हणाल्या, “गेली गं तुझी.” माती बोटाला कोरडी लागली, म्हणून कुंडी परातभर पाण्यात ठेवली, खालून भोकातून पिऊ दिलं आणि चहा टाकला. चहा पिऊन होईपर्यंत काहीच नाही. कूकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा मधलं एक पान किंचित आडवं झालेलं दिसलं. मग त्याच्या शेजारचं. रात्रीच्या बातम्या सुरू झाल्या तोवर सगळी कुंडी ताठ. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. “ही नाटकी आहे,” म्हणाल्या.

नाटक नाही. पान इतकं पातळ आहे, की त्याला उभं धरायला आत भरलेल्या पाण्याशिवाय दुसरा आधारच नाही. पाणी उतरलं की पान उतरलं, सायकलची हवा गेल्यासारखं. पण सारखं हे होऊ द्यायचं नाही. दर वेळी खालची दोन-चार पानं गळतात, कडा करपतात, आणि मग नुसते उघडे देठ उरतात.

३. पाणी किती, याआधी पाणी कुठलं

दुसऱ्या रोपाचा जीव मी काटकसरीपायी घेतला.

आमच्याकडे पाण्याची वेळ ठरलेली असते. नळ सुरू झाला की सगळा मजला जागा. त्यामुळे थेंबाची किंमत कळते. पाणी शुद्ध करायच्या आरओ मशीनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं, ते मी बादलीत साठवायचे. लादी त्याच पाण्यानं पुसायची, झाडांनाही तेच. मनीप्लांट आणि तुळस काही बोलली नाहीत. फिटोनियाच्या पानांची टोकं मात्र तपकिरी व्हायला लागली, मग कडा, मग पानं कागदासारखी. मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरट पापुद्रा धरला. मला वाटलं बुरशी.

मशीन दुरुस्त करायला आलेल्या मुलानं पेनाएवढा मीटर आधी नळाच्या पाण्यात बुडवला, मग त्या बादलीत. दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पुढे. तो म्हणाला, “मावशी, मशीन पाण्यातून क्षार काढतं ते कुठे जाणार? सगळे या नळीतून बाहेर.” म्हणजे आम्ही गोड पाणी पीत होतो आणि सगळ्या घराच्या वाट्याचं मीठ एकट्या झाडाला पाजत होतो. त्यात टंचाईच्या दिवसांत इमारतीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतं. खाडीकाठची बोअर, ती खारट असणारच.

मला हे उमगायला इतका वेळ का लागला, याची लाज वाटते, कारण उत्तर मी रोज लोकलच्या खिडकीतून बघत होते. मिरा रोड सुटलं की रुळांच्या कडेला मिठागरं लागतात. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उथळ वाफ्यांत कोंडायचं, ऊन-वाऱ्यानं आटू द्यायचं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पावसाळा सरला की हे काम सुरू होतं आणि पुढच्या पावसाच्या आत संपवावं लागतं. माझ्या कुंडीत अगदी हेच चाललं होतं. थोडं थोडं पाणी वरून घालायचं, ते उडून जायचं, क्षार आत साठायचे. सहा इंची मिठागर. आणि माती खारट झाली की मुळांना पाणी असूनही पिता येत नाही. कोशिंबिरीच्या काकडीवर मीठ भुरभुरलं की तिलाच पाणी सुटतं. मुळांचं तेच होतं, उलट त्यांच्यातलं पाणी ओढलं जातं.

आता नियम असे. नळाचं पाणी, तेही रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलेलं. हे पाणी नदीचं, गोडं. त्याच्याशी झाडाचं भांडण नाही. पावसाळ्यात गॅलरीच्या पत्र्याच्या पागोळ्यांखाली बादली, मात्र पहिले दोन पाऊस पत्रा धुवायला सोडून द्यायचे. उन्हाळ्यात मुलाच्या खोलीतल्या एसीच्या नळीचं पाणी. ते हवेतली वाफ थंड होऊन गळलेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. आणि दोन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत ठेवून वरून भरपूर गोडं पाणी ओतायचं, खालून वाहून जाऊ द्यायचं. साठलेले क्षार धुतले जातात. आरओची बादली आता फक्त लादी आणि संडासासाठी.

४. पानांवर फवारा मारणं ही आपल्या मनाची समजूत

फवाऱ्याची बाटली मीही आणली होती. पानांवर थेंब छान दिसतात, फोटो चांगला येतो. पंखा चालू असेल तर पाच-दहा मिनिटांत सगळं कोरडं. रात्री मारला तर पानावर पाणी राहून काळे डाग. बाटली आता इस्त्रीच्या कामाला आहे.

५. खारे वारे, मतलई वारे

शाळेत हे पाठ केलं होतं: दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई. परीक्षेत दोन मार्क मिळाले आणि विषय संपला. फिटोनियानं तो पुन्हा उघडला.

आपल्याकडची हवा बारा महिने दमट असते हा गैरसमज आहे. थंडीत आणि विशेषतः फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत जमिनीकडून पूर्वेचा कोरडा वारा येतो. काही दिवस समुद्राकडचा वारा दुपार झाली तरी आत येत नाही. मग ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात. उत्तनहून आमच्याकडे सुकी मासळी घेऊन येणारी मावशी हे दिवस बरोबर ओळखते. बांबूंच्या मांडवांवर बोंबील टांगायला तिला हाच कोरडा वारा हवा असतो. ज्या वाऱ्यावर उत्तनचे बोंबील सुकतात, त्याच वाऱ्यावर माझं रोपही सुकतं. हे कळल्यापासून मावशीच्या टोपलीत सुके बोंबील वाढले की मी कुंडी पूर्वेच्या खिडकीतून हलवते.

कुठे? न्हाणीघराच्या खिडकीत. सकाळी चार माणसांच्या अंघोळीची वाफ फुकट मिळते. दुसरा उपाय म्हणजे झाडांची दाटी करायची. पाच-सहा कुंड्या चिकटून ठेवल्या की त्यांच्याच श्वासानं मधली हवा ओली राहते, लोकलच्या डब्यासारखी. खाली ताटात गोटे घालून पाणी ठेवलं तरी थोडा फायदा होतो, पण कुंडीचं बूड त्या पाण्याला लागता कामा नये, नाहीतर पुन्हा धडा पहिला. आणि डोक्यावर पंखा नको, समोर एसी नको. मुलाच्या खोलीत महिनाभर ठेवून बघितलं. एसीचं पाणी झाडाला चालतं, एसीची हवा चालत नाही.

६. वाचता येईल इतका उजेड पुरे

सकाळचं कोवळं ऊन सगळ्यांना चांगलं, असं मी धरून चालले होते. एप्रिलमधलं साडेनऊचं ऊन कोवळं नसतं. एका सकाळीत पानांवर कागद जळाल्यासारखे चट्टे. उत्तरेच्या खिडकीत, गजांपासून दोन हात आत, जिथे दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येतो, तिथे ते खूश आहे. फारच अंधारात ठेवलं तर देठ लांबतात, पानं विरळ होतात आणि पांढऱ्या शिरा फिक्या पडतात.

हे समजून घ्यायला पेरूला जायची गरज नाही. फिटोनिया ज्या कुळातली, त्याच कुळात आपली अबोली येते, कोरांटी येते, अडुळसा येतो आणि आपल्या घोडबंदरच्या डोंगरांतली कारवीही. पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कुठल्याही वाटेनं आत शिरा, कारवीच्या गचपणाखाली जमिनीवर जो हिरवट, ओला, गाळलेला उजेड असतो, तो या रोपाला हवाय. नात्यातले बाकीचे सगळे खंबीर निघाले, हीच एक नाजूक.

७. लाल माती काढून टाका

रस्त्यावरची बरीच रोपं लाल मातीत येतात. ओली असताना लोणी, वाळली की वीट. फिटोनियाची मुळं केसासारखी आणि उथळ, त्यांना विटेत शिरता येत नाही. माझं मिश्रण: दोन भाग कोकोपीट, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग पर्लाइट किंवा जाडी वाळू. वाळू चौपाटीवरची नको, का ते तिसऱ्या धड्यात आलंय. कोकोपीटही दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पिळून घ्यायचं. नारळाच्या काथ्यात क्षार असू शकतात. मी पहिल्यांदा धुतलं तेव्हा चहासारखं पाणी निघालं. कुंडी खोल नको, दह्याच्या वाडग्यासारखी पसरट, तळाला भोकं पाडलेली. ते वाडगं स्वयंपाकघरातून गेल्यावर घरात दोन दिवस चौकशी चालली होती.

८. खुडायला भिऊ नका

तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो तशी शेंडी खुडायची. मी वर्षभर हात लावला नाही, तर रोप कुंडीबाहेर लांबच लांब लोंबत गेलं आणि मधोमध टक्कल पडलं. सासूबाईंनीच एक दिवस, मी बाजारात गेले असताना, नखानं सगळे शेंडे खुडले. मी चिडले. पंधरा दिवसांत प्रत्येक खुडलेल्या ठिकाणी दोन-दोन फुटवे. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं कुंडीकडे बघून माझ्याकडे बघितलं. बारीक पिवळसर फुलांचा तुरा येतो, त्यात बघण्यासारखं काही नाही, तोही खुडावा.

खुडलेले शेंडे टाकायचे नाहीत. खालची पानं काढून काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवले की दोन-तीन आठवड्यांत पेरातून पांढरी मुळं सुटतात. मजल्यावरच्या तीन घरांत आता नाजूकबाईच्या मुली नांदतात. समोरच्या बेनकडे मांजर आहे, म्हणून देताना आधी खात्री केली: हे झाड मांजर-कुत्र्यांना विषारी नाही.

नावही बायकांचंच आहे. आयर्लंडच्या एलिझाबेथ आणि सारा मेरी फिटन या बहिणींनी 1817 साली वनस्पतिशास्त्र सोपं करून सांगणारं पुस्तक काढलं, आई आणि मुलाच्या संवादातून. पुढे 1865 मध्ये या वेलीला त्यांचं आडनाव मिळालं. बेनना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बहिणी-बहिणींचं झाड आहे म्हणून तर वाटून लावायचं.

९. काहीच जमलं नाही तर बरणी

1829 च्या सुमाराला लंडनमध्ये नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी पतंगाचा कोष ओल्या मातीसकट बाटलीत बंद करून ठेवला. कोषाचं काय होतं ते त्यांना बघायचं होतं. त्या मातीतून नेचा उगवला. तेच नेचे त्यांच्या अंगणात कोळशाच्या धुरानं जगत नव्हते, आणि बाटलीत मात्र पाणी न घालता टिकले. पानांतून निघालेली वाफ काचेला लागून पुन्हा मातीत उतरत होती. पुढे 1833 मध्ये त्यांनी काचेच्या बंद पेट्यांतून झाडं बोटीनं सिडनीला पाठवली. अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यानं चीनमधून चहाची हजारो रोपं हिंदुस्थानात आणली. म्हणजे आपल्या रोजच्या कपातही एक बरणी आहेच.

माझी बरणी आईकडची, काचेची, पाच किलो कैरीच्या लोणच्याची. ती चार वेळा गरम पाण्यानं आणि चिंचेनं धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली, तरी झाकण उघडलं की मोहरीचा वास. झाकण बदललं तेव्हा गेला. तळाला दोन बोटं गोटे, त्यावर कोळशाचा चुरा, म्हणजे वास धरत नाही. कोळसा नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून मागून घेतला. काय करणार विचारलं त्यानं. लोणच्याच्या बरणीत घालणार म्हटल्यावर पुढे काही बोलला नाही. मग ओलसर मिश्रण, मग रोप, मग चार-पाच चमचे पाणी आणि झाकण.

सकाळी काचेवर दव यायला हवं आणि दुपारपर्यंत बरंचसं विरायला हवं. दिवसभर काच धुकट राहिली तर पाणी जास्त झालंय, झाकण दोन-तीन तास उघडं ठेवायचं. कधीच दव आलं नाही तर दोन चमचे पाणी. ऊन बिलकुल नको, बंद काचेत रोप उकडून निघतं. गेल्या पाच महिन्यांत मी या बरणीत एकदाच पाणी घातलंय. आठ दिवस गावाला जायचं म्हटलं तर आता कुणाच्या हाती किल्ली द्यावी लागत नाही.

१०. चिलटं आणि पिठ्या

माती सतत ओली राहिली की काळी चिलटं होतात, ती पहिल्या धड्याची शिक्षा. वरचा थर वाळू द्या, जातात. देठांच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर ते पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा पाण्यात कालवलेल्या कडुनिंबाच्या तेलात बुडवून पुसायचं, आठवड्यानं पुन्हा. जास्त जोर लावला तर पान हातात येतं.

एवढं सगळं करून नाजूकबाई उत्तरेच्या खिडकीत बसली आहे. त्याच खिडकीबाहेर, हात लांब केला तर पोचेल अशा अंतरावर, वरच्या मजल्याच्या गळक्या पाइपामागे भिंतीच्या भेगेत हंसराज उगवलाय. काळे तारेसारखे देठ, पंख्यासारखी पानं, वाऱ्यावर हलणारी. गेल्या वर्षी इमारतीला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं तो पत्रीनं खरवडून काढला होता. दोन पावसांत परत आला, पूर्वीपेक्षा दाट.

सासूबाई दुपारी तिथे खुर्ची टाकून बसतात. काल बराच वेळ बाहेर बघत होत्या. मग बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“याला गं कुठलं पाणी देतेस?”